एकही खुर्ची रिकामी नको

वीरभद्रप्पांना टेबलांचा नाद स्वतःच्या हौसेने लागला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर भवानी पेठेत अजूनही लोक म्हणतात, की मुलीच्या लग्नात या माणसाला साहेब व्हायचं होतं. साहेब व्हायची त्यांना गरजच नव्हती. ते गिरणीत टाइमकीपर होते. पहाटे त्यांनी खिशातलं घड्याळ काढून बॉयलरवाल्याकडे बघत मान हलवली की भोंगा व्हायचा, आणि अर्धं सोलापूर तोंडातला घास तसाच ठेवून धावत सुटायचं. एवढी सत्ता कलेक्टराकडेही नाही, असं ते तोंडाने कधी म्हणाले नाहीत. पण त्यांच्या चालण्यात ते दिसायचं.

टेबलं आणली ती व्याह्यांच्या धाकाने. व्याही शिवयोगी, विजापूरचे, कचेरीतून अव्वल कारकून म्हणून पेन्शनीत निघालेले. साखरपुड्याला विडा तोंडात टाकता टाकता ते सहज म्हणाले,

"आमच्या थोरल्याच्या लग्नाची हकिकत तुमच्या कानावर आलीच असंल."

आली नव्हती. मग ती सविस्तर आली. थोरल्याच्या लग्नात वरात देवळाला जाऊन परत आली, तर मांडवात तीन माणसं आणि एक कुत्रं. बाकीचे जेवून घरी गेलेले. शिवयोगींनी हा अपशकुन मानला आणि सून वर्षभर माहेरीच ठेवली.

"रागानं नव्हे हां," ते म्हणाले. "अपशकुन उतरायला वेळ लागतोच की. ती बिचारी पण समजूतदार. रडली थोडी."

आत दाराआड उभ्या असलेल्या नागव्वेच्या बांगड्या वाजल्या. ही वीरभद्रप्पांची एकुलती एक लेक. घरात तिला नागू म्हणत.

"म्हणून म्हणतो, आमची वरात सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन परत येईल, तेव्हा मांडवात एकही खुर्ची रिकामी दिसता कामा नये."

"खुर्ची?" वीरभद्रप्पांनी विचारलं. त्यांच्या डोक्यात तोवर सतरंज्या होत्या.

"पंगतीला बसवलंत तर माणूस जेवला की उठणार. टेबल-खुर्ची मांडा, चहा-चिवडा वरात आल्यावर द्या. टेबलापाशी बसलेला माणूस लवकर उठत नाही. तीस वर्षं कचेरीत पाहिलंय मी."

झालं. त्या दिवसापासून वीरभद्रप्पांना झोपेत खुर्च्या दिसू लागल्या. नुसत्या नव्हे, रिकाम्या.

सोलापुरात एका जागी एवढी टेबलं होती ती फक्त शाळांच्या बोर्डाकडे. वीरभद्रप्पांनी अर्ज केला. अर्ज परत आला. शेरा होता, 'लग्न हे शैक्षणिक कार्य नव्हे.' दुसऱ्या अर्जात त्यांनी मुलगी सातवी पास असल्याचं लिहिलं. तोही परत आला. शेरा होता, 'मुलीचे अभिनंदन. मात्र टेबलांचा वापर टेबल म्हणूनच होईल, अशी हमी दिसत नाही.' टेबलाचा वापर आणखी कसा होतो यावर वीरभद्रप्पा दोन दिवस विचार करत होते. सावित्रम्मा, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "लिहून द्या की, यावर कुणी धुणं आपटणार नाही म्हणून." त्यांनी तसं लिहून दिलं, आणि खरं सांगते, मंजुरी आली.

मंजुरीसोबत अटी आल्या अकरा. त्यातली सातवी अट अशी: प्रत्येक टेबलाशी बसणाऱ्या जबाबदार इसमाचे नाव बोर्डाच्या नोंदवहीत घ्यावे, म्हणजे टेबलास इजा झाल्यास भरपाई कोणाकडून घ्यायची ते कळेल, आणि नोंदीसाठी बोर्डाचा कारकून मांडवाच्या दारात बसेल. या कारकुनाचं नाव महिपती. माणूस वाईट नव्हता. पण छापील रकाना दिसला की त्याला बाकीचं जग दिसेनासं व्हायचं.

अशी टेबलं मिळाली वीस, खुर्च्या एकशे वीस. आता प्रश्न पुढचा. वरात जाऊन येणार दीड तासाने. तेवढा वेळ एकशे वीस माणसं रिकाम्या टेबलाकडे बघत बसणार कशी? पंगतीत माणसाला काम असतं. पान वाढलं जातंय ते बघायचं, शेजाऱ्याच्या पानात जास्त पडलं का ते बघायचं. टेबलावर काय बघणार?

शेजारी कुंडलिकतात्या होते, पोस्टातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांची मासिकं फोडून, वाचून, पुन्हा चिकटवून पोचवल्यामुळे त्यांचं वाचन दांडगं होतं.

"कोडी!" ते म्हणाले. "पुण्यामुंबईकडं हल्ली टेबलावर कोड्यांचे कागद ठेवतात. पाहुणे सोडवत बसतात. वेळ कसा जातो कळत न्हाय."

"आणि नाही सुटलं तर?"

"मग तर आणखीच वेळ जातो की वीरभद्रप्पा! तुम्ही टाइमकीपर असून हे मी सांगायचं?"

समोरच्या अंबुबाईंना हे पटलं नाही. त्यांची मेंढरं गावाबाहेर आणि घोंगड्यांचा धंदा गावात. नवरा मेंढरांमागे आणि ह्या घोंगड्यांमागे. "कोडी कशापाई? आमच्यात लग्नाला ढोल लावत्यात. ढोल वाजतोय तवर माणूस उठून जाईल व्हय?"

"ढोलानं डोकं उठतं, अंबुबाई," वीरभद्रप्पा म्हणाले.

"डोकं उठूं दे की. माणूस बसलं म्हंजी झालं."

कुणी म्हणालं ग्रामोफोन आणा. कुणी म्हणालं, भुसार बाजारात धान्य तोलणाऱ्या गुरुलिंग तोलाराला बोलवा, तो आवाज काढतो. कसले? सगळे. मोर, मांजर, आगगाडी, सासू. वीरभद्रप्पांनी सगळ्यांचा सल्ला मनावर घेतला, आणि इथेच ते फसले. ढोल तेवढा नाकारला. अंबुबाई त्यावरून चार दिवस बोलल्या नाहीत.

लग्न सकाळी लागलं, चांगलं लागलं. संध्याकाळी सव्वाचारला वरात सिद्धेश्वराकडे निघाली: नवरानवरी, शिवयोगी, विहीणबाई चंद्रव्वा आणि विजापूरची सगळी मंडळी. जाताना शिवयोगींनी मांडवातल्या खुर्च्यांवरून एक नजर फिरवली आणि नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"ने वीरभद्रप्पांचा फेटा घामाने भिजला. वैशाख होता, हेही खरं.

पुरुष पाहुणे आधी आले, कारण ते थेट गिरणीतून आले होते. मुकादमी करणारे जॉबर, माग चालवणारे साचेवाले, हिशेबनीस. वीरभद्रप्पांनी स्वतः मॅनेजरला भेटून त्यांना सहाच्या भोंग्यापर्यंत सुट्टी काढून दिली होती. दारात महिपती होताच. "नाव?" "सिद्धनाथ." "टेबल तीन." "नाव?" "व्यंकय्या." "टेबल तीन." कसं सुरळीत चाललं होतं. साठ-पासष्ट माणसं खुर्च्यांवर जाऊन बसली. म्हणजे टेकली. निम्मे जण कडेला असे टेकले होते, की डॉक्टरने आत बोलावलं तर पटकन उठता यावं.

मग त्यांनी समोरचे कागद पाहिले.

आता सोलापुरात मार्शल लॉ येऊन गेल्यापासून चार-पाच वर्षं छापील कागद हाती आला की एकतर ती वर्गणी असायची, नाहीतर त्या कागदामागून पोलीस यायचा. कोड्याचा कागद पाहून टेबल तीनवरच्या सगळ्यांनी हात मागे घेतले. सिद्धनाथ जॉबरने तो बोटाने हळूच शेजाऱ्याकडे सरकवला. शेजाऱ्याने तो व्यंकय्याकडे सरकवला. व्यंकय्याला तेलुगू वाचता येत होतं. कागद मराठी होता. तो म्हणाला, "मी मागच्या महिन्यातच दिली." आणि कागद चौथ्याकडे गेला. अशा रीतीने वीसही टेबलांवर कोडी नुसती फिरत राहिली. एक टेबल डुगडुगत होतं, तिथे मात्र एकाने कागदाची चौघडी करून पायाखाली घातली. कोड्याचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

वीरभद्रप्पा टेबलाटेबलाशी जाऊन सांगू लागले, "अहो, सोडवा की! पैसे द्यायचे नाहीत!" पण ज्या कागदाला पैसे पडत नाहीत असं यजमान घाम पुसत सांगतो, त्यावर विश्वास कोण ठेवणार?

ग्रामोफोन लावला. एका तबकडीचं अर्धं गाणं फार गोड झालं. मग आतली किल्लीची कमान तुटली. गाणारी बाई होती, ती हळूहळू बुवा झाली, मग म्हैस झाली, मग थांबली. दोन माणसं उठून उभी राहिली. खुर्च्या रिकाम्या. दोन!

"गुरुलिंग!" वीरभद्रप्पा ओरडले. ते मांडवात ओरडणारे गृहस्थ नव्हते. "अरे, काढ बाबा आवाज!"

गुरुलिंग तोलार म्हणजे सहा फूट उंच, लाजाळू माणूस. तो टेबलांच्या मधोमध उभा राहिला, तोंडाशी दोन्ही हात नेले आणि मोर काढला. लोक बसले. मांजर काढलं. लोक हसले. सासू काढली तेव्हा तर व्यंकय्याने टेबलावर थाप मारली आणि महिपतीने दारातून मान उंचावून टेबल नंबर लिहून घेतला. वीरभद्रप्पांच्या जिवात जीव आला. निम्म्या खुर्च्या भरलेल्या, उरलेल्या बायका आल्या की भरणार, माणसं हसणारी, वरात आता वाटेत असणार. आणि गुरुलिंग गेली वीस वर्षं बाजारात तोलारी करत होता. त्याला एकच गोष्ट माहीत नव्हती, थांबायचं कुठे. त्याला वाटलं, आपण यजमानांचा मान राखावा. टाइमकीपर साहेबांच्या मांडवात टाइमकीपर साहेबांचीच वस्तू पेश करावी.

त्याने छाती भरून श्वास घेतला आणि गिरणीचा भोंगा काढला.

तो इतका हुबेहूब होता, की पेठेतल्या घराघरांतल्या चुली फुंकल्या गेल्या. मांडवातले पासष्ट लोक एकाच वेळी उठले. विचार करून नव्हे. भोंग्यावर विचार करायची सोय सोलापुरात नाही. टोप्या डोक्यावर गेल्या, चपला शोधल्या गेल्या. "सहा वाजले? एवढ्यात?" "भोंगा झाला की रे!" "चल, चल, हजेरी जाईल!"

आणि वीरभद्रप्पा? सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. त्यांनी घड्याळ काढलं. त्यात पावणेसहासुद्धा झाले नव्हते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, भोंगा ऐकला, आणि घड्याळ पुढे केलं. सहा वाजवले. बावीस वर्षांची सवय होती ती. घड्याळ चुकू शकतं, भोंगा नाही. काटा सहावर आल्यावर मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण इथे आहोत आणि आपण मान हलवलेलीच नाही.

"अहो, खोटा आहे! खोटा भोंगा!" ते लोकांच्या मागे धावले. "बसा! मी सांगतो, बसा!"

"तुमी सांगताय खरं," सिद्धनाथ पळता पळता म्हणाला, "पण उद्या हजेरी तुमीच कापणार की!"

वीरभद्रप्पा जागीच थांबले. आजवर त्यांनी तेच केलं होतं.

पासष्ट माणसं दाराशी आली आणि थांबली. कारण दारातून बाहेर जायला वाट नव्हती. बाहेर बायका उभ्या होत्या.

बायका घरची कामं आटोपून एकदमच आल्या होत्या, पन्नासेक जणी, नटूनथटून, कडेवर पोरं घेऊन. आणि महिपती पहिल्याच बाईपाशी अडला होता. ती होती सिद्धनाथ जॉबराची बायको, बनाबाई.

"नाव?"

"बनाबाई."

"तुमचं नको. जबाबदार इसमाचं. यजमानांचं नाव सांगा."

बनाबाईने पदर तोंडाला लावला. "इश्श!"

"इश्श रकान्यात बसत नाही, बाई."

मागची एक म्हणाली, "मी सांगते की तिच्या मालकाचं नाव. सि..."

"ज्याचं त्यानं सांगायचं!" महिपती म्हणाला. "दुसऱ्याच्या तोंडची माहिती बोर्ड धरत नाही."

"आन् माजंच नाव लिहिलं तर काय बिघडतंय? टेबलाशी मीच बसनार न्हवं?"

"बाईकडून भरपाई कशी घेणार? वसूल कुठून करणार?"

"ते माज्याकडूनच वसूल करत्यात घरात," बनाबाई म्हणाली, आणि मागे हशा पिकला.

तेवढ्यात आतून पासष्ट नवरे येऊन दाराला भिडले. आत नवरे, बाहेर बायका, मधे महिपती आणि त्याची वही. सिद्धनाथ ओरडला, "अगं, सरक! भोंगा झालाय!" आणि महिपतीने त्याच्याकडे न बघता बनाबाईला पुन्हा विचारलं, "नाव?"

बनाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. बारा वर्षांच्या संसारात तो असा तिच्या एका शब्दासाठी ताटकळत कधी उभा राहिला नव्हता. तिने पदर सारखा केला.

"भोंगा वाजला पाचाचा, चूल पेटवली घाईत,
सिद्धनाथरावांचं नाव, लिवा तुमच्या वहीत!"

एकच गलका झाला! सिद्धनाथ कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि हजेरी विसरला. महिपती म्हणाला, "टेबल अकरा. पुढं." पुढे अंबुबाई होत्या. ढोलाचा राग गिळून त्या आल्या होत्या, नवी घोंगडी अहेराला घेऊन. त्यांनी काही ताणलं नाही.

"काळ्या घोंगडीला पांढरा काट,
धुळारावांचं नाव घेते, सोड की रं वाट!"

मग काय विचारता! नावापुढे नाव येऊ लागलं. मराठीत, कानडीत, तेलुगूत. ज्याची बायको पुढे येई तो मागे दडायला बघे आणि बाकीचे त्याला धरून पुढे ढकलत. आत गेलेल्या बायकासुद्धा टेबलाकडे न जाता परत दाराशीच येऊन उभ्या राहिल्या, कारण पुढची काय म्हणते ते ऐकायचं होतं. स्वयंपाकाकडचे आचारी आले. गुरुलिंग आला. गिरणीत कुणीच गेलं नाही.

वीरभद्रप्पा मात्र मागे वळून बघत होते. एकशे वीस खुर्च्या. एकूण एक रिकाम्या. शिवयोगींच्या थोरल्याच्या लग्नात निदान तीन माणसं आणि एक कुत्रं होतं.

आणि वाजंत्री ऐकू आली. वरात वळणावर होती.

वीरभद्रप्पांना पुढचं सगळं दिसलं: शिवयोगींचं "हं", विजापूरची रिकामी गेलेली गाडी, वर्षभर ओसरीवर बसून गहू निवडणारी नागू. त्यांनी बसा बसा म्हणून हात जोडले. कुणी ऐकलं नाही. मग त्यांना जे सुचलं ते त्यांनी केलं. दाराच्या आत, बरोब्बर मधोमध, हात पसरून, उपरणं फुलवून उभे राहिले. म्हणजे त्यांच्यामागचं काही दिसू नये. सावित्रम्मा येऊन त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांना न सांगता कळलं होतं.

शिवयोगी पुढे आले. त्यांनी दाराशी दाटलेली ती शंभर-सव्वाशे माणसं पाहिली. टाचा उंचावून बघणारी, हसणारी, पोरांना खांद्यावर घेतलेली. ते थांबले. त्यांचे डोळे बारीक झाले, मग मोठे झाले.

"हे सगळे..." ते म्हणाले. "उठून सामोरे आले?"

वीरभद्रप्पांनी उपरणं आणखी रुंद धरलं. 

"खुर्च्या सोडून? आमच्या वरातीला?" शिवयोगींनी हात जोडले. "वीरभद्रप्पा, मी नुसतं बसवून ठेवा म्हणालो होतो. हे म्हणजे फार झालं."

"नाव?" महिपती म्हणाला. विहीणबाई चंद्रव्वा पुढे होत्या.

सगळ्यांनी कान टवकारले. चंद्रव्वांनी तीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि लग्नात आल्यापासून एकदा हसल्याही नव्हत्या. त्यांनी वहीकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि मग कानडीत, खालच्या आवाजात दोन ओळी म्हटल्या. होळगीवर, म्हणजे पुरणपोळीवर, तूप पडलं की ज्यांचा राग विरघळतो, असे शिवयोगी, असा त्याचा अर्थ. ज्यांना कानडी येत होतं ते आधी हसले, बाकीचे शिवयोगींचं तोंड बघून हसले. आणि शिवयोगी स्वतः, देवाशपथ, लाजले.

मग नागू पुढे आली. मुंडावळ्या, हळदीचे हात, मान खाली. गर्दी पुढे सरकली. नव्या नवरीचा उखाणा कोण सोडणार? महिपतीने टाक बुडवला आणि मग तो थबकला. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा शंका आली होती.

"वडिलांचं लिहू," त्याने हळूच विचारलं, "की यजमानांचं? रकाना एकच आहे."

"यजमानांचं! यजमानांचं!" लोक ओरडले.

नागूने मान वर केली. हात पसरून, घामाने भिजून, खुळ्यासारख्या उभ्या असलेल्या बापाकडे तिने पाहिलं.

"आजच्या दिवस वडिलांचं लिहा," ती म्हणाली. "वीरभद्रप्पा."

तिच्या तोंडून ते नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. तिला ते 'अप्पा' होते. भोंग्यासारखा मोठा काही आवाज नव्हता तिचा. पण मागच्या माणसापर्यंत तो पोचला. महिपतीने ते नाव सावकाश, वळणदार लिहिलं.

शिवयोगींना नाव चुकल्याचा राग येईल, असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांचा मान आज पुरेपूर राखला गेला होता. त्यांनी वीरभद्रप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अशा घरची मुलगी एक दिवस पण मागं ठेवायची न्हाई," ते म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीनं सून नेतो आम्ही."

महिनाभर ज्या एका वाक्यासाठी वीरभद्रप्पांनी तीन अर्ज केले, कोडी छापली, घड्याळ खोटं केलं, ते वाक्य हे होतं. त्यांनी ते ऐकलं. उद्या. सकाळची. पाठीमागे एकशे वीस खुर्च्या एकूण एक रिकाम्या होत्या, आणि त्या दिसू नयेत म्हणून मधे काय होतं? हे एवढं एक शरीर आणि एक उपरणं. त्या दिसल्या तर नागू वर्षभर इथेच.

वीरभद्रप्पा अर्धं पाऊल बाजूला सरकले.

सावित्रम्मांनी मागून त्यांच्या उपरण्याचं टोक मुठीत धरलं आणि त्यांना ओढून होते तिथे परत उभं केलं.

"हलू नका," त्या पुटपुटल्या. उपरण्याचं ते टोक त्यांनी पाहुणे टेबलांशी जाऊन बसेपर्यंत सोडलं नाही.